दात घासायचा ब्रश आणि ओलाव्याचा इतिहास



दात घासायचा ब्रश स्वच्छ कसा ठेवावा, हा प्रश्न आरोग्याच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकला जातो. वापरल्यावर धुवा, वाळू द्या, तीन-चार महिन्यांनी बदला. या टिपणात आपण तोच प्रश्न इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. मी इतिहासाचा अध्यापक नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात साहित्यविज्ञान शिकवतो. नायलॉनचा पाठ आला की वर्गात एक ब्रश घेऊन जातो, आणि दरवर्षी असा अनुभव येतो की मुलांना बहुवारिकाच्या साखळीपेक्षा ब्रशबद्दलच जास्त विचारायचे असते. वसतिगृहात राहणाऱ्यांना तर विशेषच. त्या प्रश्नांची उत्तरे शोधताना माझ्या लक्षात आले की हा प्रश्न मुळात फार जुना नाही. मानवाने हजारो वर्षे दात घासले, पण साधन स्वच्छ ठेवण्याची चिंता त्याला क्वचितच करावी लागली, कारण साधन तो रोज फेकून देत असे. केसाळ साधन उद्यासाठी जपून ठेवण्याची पद्धत सुरू झाली तेव्हा ही चिंता जन्माला आली. तेव्हापासून आजपर्यंत सगळा प्रश्न एकाच गोष्टीवर अडलेला आहे: उद्या सकाळपर्यंत ते साधन वाळते की नाही.

रोज नवी काडी

आपल्याकडे दातवण म्हणजे काय हे ग्रामीण भागातून आलेल्यांना सांगायला नको. कडुनिंबाची किंवा बाभळीची कोवळी काडी, तिचे टोक चावून कुंचल्यासारखे करायचे, दात घासायचे आणि काडी टाकून द्यायची. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात या काडीचे माप दिले आहे. लांबी बारा अंगुळे, जाडी करंगळीएवढी. काडी सरळ असावी, गाठी नसाव्यात, कीड लागलेली नसावी. चवीप्रमाणे झाडेही सांगितली आहेत: कडूमध्ये निंब, तुरटामध्ये खैर, गोडामध्ये मोह, तिखटामध्ये करंज. एखाद्या कारखान्याने कच्चा माल घेताना द्यावा तसा हा तपशील आहे. आखूड काडी हातात नीट धरता येत नाही, गाठीची काडी हिरडीला लागते. माप उगाच दिलेले नाही.

आता एक बारीक गोष्ट पाहा. चरकसंहितेत दातवणासोबत जिभलीचाही उल्लेख आहे आणि ती सोने, रुपे, तांबे, कथील, पितळ अशा धातूंची असावी असे म्हटले आहे. जिभली रोज नवी घेत नसत, ती घरात वर्षानुवर्षे राही. म्हणजे दोन साधनांना दोन वेगळे न्याय लावलेले होते. तंतू असलेले साधन एकदाच वापरायचे आणि गुळगुळीत साधन जपून ठेवायचे. जंतू कोणाला ठाऊक नव्हते, हे खरे. पण गुळगुळीत धातू एका धुण्यात स्वच्छ होतो आणि पुसला की लगेच कोरडा होतो, चावलेल्या काडीचे टोक तसे होत नाही, हे डोळ्यांना दिसण्यासारखे होते. शिवाय आपल्या घरांत उष्ट्याचा विचार कडक. स्वतःच्या लाळेने भिजलेली वस्तू दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंडात घालायची ही कल्पनाच रुचणारी नव्हती. राखुंडी किंवा मंजन बोटाने लावण्याची पद्धतही याच न्यायात बसते. बोट हे साधन रोज वापरले तरी धुतले की संपले.

या काडीची शिस्त किती बारकाईने पाळली जात असे, याची नोंद एका परदेशी माणसाने करून ठेवली आहे. चिनी भिक्षू इत्सिंग सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आला आणि नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला. भारतीय विहारांतील दिनचर्येवर त्याने ग्रंथ लिहिला. त्यात दंतकाष्ठावर स्वतंत्र प्रकरण आहे. काडी बारा अंगुळांची असावी, निदान आठ अंगुळांपेक्षा आखूड नसावी. दात घासून झाल्यावर ती मधोमध चिरून वाकवावी आणि तिनेच जीभ खरवडावी. नंतर धुऊन टाकून द्यावी. टाकतानाही आधी खोकून किंवा आवाज करून टाकावी, म्हणजे आसपासच्यांना कळेल. नालंदेत एका वेळी राहणाऱ्या भिक्षूंची संख्या हजारांत होती. इतक्या लोकांच्या वापरलेल्या काड्या रोज कुठेतरी पडणार, मग त्याचे नियम लागणारच. तुमच्या वसतिगृहातील न्हाणीघराशी ताडून पाहा.

काडी फेकण्याच्या या पद्धतीला एक सुंदर अपवाद विसाव्या शतकातला आहे आणि तो पुण्याचा आहे. 1930 मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना काकासाहेब कालेलकर त्यांच्यासोबत होते. काकासाहेब त्यांच्यासाठी कडुनिंबाचे दातवण तयार करून देत. रोज नवी काडी देण्याचा त्यांचा विचार गांधीजींना मान्य झाला नाही. वापरलेले टोक तेवढे कापून टाकायचे, पुढचा भाग चेचून नवा कुंचला करायचा आणि काडी हातात धरण्याजोगी असेपर्यंत तीच वापरायची, असे त्यांनी सांगितले. ही आठवण काकासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. ती सहसा काटकसरीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला ती अभियांत्रिकीच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. तोंडात गेलेला भाग रोज नवा आणि धरण्याचा भाग कायम, ही रचना त्यात आहे. आज डोके बदलता येणारे जे महाग ब्रश मिळतात, त्यांचे तत्त्व याहून वेगळे नाही.

दोगेनची तक्रार

केसांचा ब्रश प्रथम चीनमध्ये वापरात आला. त्याच्याबद्दलची एक जुनी आणि विश्वसनीय साक्ष दोगेन या जपानी भिक्षूची आहे. दोगेन 1223 मध्ये चीनला गेला आणि चार वर्षे तिथल्या मठांत राहिला. परत आल्यावर त्याने तोंड धुण्यावर एक प्रकरण लिहिले. बौद्ध परंपरेतील दातवण चीनमध्ये जवळजवळ विसरले गेले आहे, लोकांच्या तोंडाला वास येतो, आणि जे कोणी दात घासतात ते बैलाच्या शिंगाच्या मुठीला घोड्याचे केस लावलेले एक साधन वापरतात, असे तो सांगतो. त्याचे मत स्पष्ट आहे. असले साधन चपला झाडायला ठीक. तोंडासाठी ते शुद्ध म्हणता येणार नाही.

दोगेनला सूक्ष्मजीव माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याची शुद्धता धार्मिक होती. तरीही ब्रशच्या स्वच्छतेबद्दलची ही तक्रार ब्रशच्या इतिहासाच्या सुरुवातीलाच नोंदली गेली आहे, हे लक्षात ठेवा. पुढच्या सात शतकांत तिची भाषा बदलली. 'अशुद्ध' या शब्दाच्या जागी 'जंतुयुक्त' आला. आक्षेप मात्र तिथेच राहिला: प्राण्याचे केस, तेही काल वापरलेले.

हाड, केस आणि तांब्याची तार

युरोपात ब्रश उशिरा दिसतो. ऑक्सफर्डच्या अँथनी वुड यांच्या 1690 मधील नोंदीत दातांचा ब्रश विकत घेतल्याचा उल्लेख आहे. इंग्रजी शब्दाची ती सर्वांत जुनी नोंद मानली जाते. मोठ्या प्रमाणावर ब्रश बनवण्याचे श्रेय लंडनच्या विल्यम ॲडिस यांना देतात, साल 1780. ॲडिस तुरुंगात असताना जेवणातले हाड जपून ठेवून त्यांनी पहिला ब्रश केला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा म्हणून ती चांगली आहे, तेवढीच समजा.

आपल्याला कथेपेक्षा तो ब्रश कसा बनत असे हे महत्त्वाचे. मूठ गुराच्या मांडीच्या हाडाची. हाड उकळून, चरबी काढून, कापून, घासून तिला आकार देत. डोक्याच्या भागात ओळीने छिद्रे पाडत. मागच्या बाजूने लांब खाचा कोरत. डुकराच्या राठ केसांची छोटी जुडी मधोमध दुमडून तारेने छिद्रात ओढून घेत आणि तार मागच्या खाचेत बसवत. जुन्या वस्त्यांच्या उत्खननात असे हाडाचे ब्रश मिळतात. केस कुजून गेलेले असतात, पण खाचांत तांब्याचा हिरवा डाग पुष्कळदा राहिलेला असतो. तो हिरवा डाग म्हणजे तांबे आणि ओलावा यांच्या सहवासाची खूण आहे. धातू गंजला तिथे पाणी होते.

या ब्रशमध्ये पाणी तीन ठिकाणी मुरत असे. हाड सच्छिद्र, म्हणून हाडात. खाचांत आणि छिद्रांत. आणि सर्वांत जास्त केसांत. प्राण्यांचा केस प्रथिनाचा असतो, त्याला आत गाभा असतो, तो पाणी पितो आणि फुगतो. भिजला की मऊ पडतो, म्हणून एकदा वापरलेला ब्रश पुरता वाळल्याशिवाय दुसऱ्या वेळी नीट घासतही नसे. दोन ब्रश ठेवून ते आलटून पालटून वापरावेत, हा दंतवैद्यांचा जुना सल्ला या अडचणीतून आला. बरे, उकळून जंतू मारावेत तर केस सैल होऊन गळत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाडाऐवजी सेल्युलॉइडच्या मुठी आल्या. त्या दिसायला छान होत्या, पण गरम पाण्यात मऊ पडून वाकत. म्हणजे रोज तोंडात घालायचे साधन असे होते की जे नीट वाळत नव्हते आणि उकळताही येत नव्हते.

भारतात आणखी एक अडचण होती. केस डुकराचे आहेत म्हटल्यावर हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांतील अनेकांना ब्रश तोंडात घालणे अशक्य वाटे. मुसलमान समाजात मिस्वाकची, म्हणजे पिलूच्या मुळीची किंवा काडीची, धार्मिक परंपरा होतीच. त्यामुळे ब्रशला होणारा विरोध म्हणजे केवळ मागासलेपणा, असे जे कधीकधी लिहिले जाते ते मला पटत नाही. ज्यांच्याकडे रोज ताजी, फुकट आणि टाकून देता येण्याजोगी काडी होती, त्यांनी न वाळणारा केसाळ ब्रश का घ्यावा? त्या काळातला ब्रश पाहता त्यांचा नकार बराचसा शहाणपणाचा होता.

प्राण्यांच्या केसांतून खरा रोग येऊ शकतो हे पहिल्या महायुद्धात सिद्ध झाले, मात्र ते दातांच्या ब्रशने नव्हे तर दाढीच्या ब्रशने. अँथ्रॅक्स हा गुराढोरांचा रोग. त्याच्या जंतूंचे बीजाणू केसांत दीर्घकाळ टिकतात. नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचे स्वस्त दाढीचे ब्रश बाजारात आले आणि ब्रिटिश व अमेरिकन सैनिकांत, तसेच नागरिकांत, चेहऱ्यावर व मानेवर अँथ्रॅक्स झाल्याची प्रकरणे घडली. काही माणसे दगावली. ब्रिटनमध्ये 1919 मध्ये अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा झाला. केसाळ वस्तूकडे संशयाने पाहण्याची सवय लोकांना यानंतर लागली.

व्हिनेगरने काय मेले

थोडे मागे जाऊ. दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली ठेवणारा पहिला माणूस नेदरलँड्समधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी अँटनी व्हान लेवेनहुक. 17 सप्टेंबर 1683 च्या पत्रात त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले की स्वतःच्या दातांमधून काढलेल्या थरात अगणित छोटे प्राणी हालचाल करताना दिसले. तो स्वतः रोज मिठाने दात घासून फडक्याने पुसत असे, तरीही ते होतेच.

त्याच सुमारास त्याने केलेला एक प्रयोग मला त्याच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. त्याने तीव्र व्हिनेगरने तोंड धुतले आणि पुन्हा पाहिले. जंतू जिवंतच. मग तोच थर बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवला, तेव्हा ते मेले. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की व्हिनेगर थराच्या बाहेरच्या जंतूंना मारते, आतपर्यंत शिरत नाही. आज आपण ज्याला बायोफिल्म म्हणतो तिचे हे मर्म आहे. पृष्ठभागाला चिकटून, चिकट पदार्थात गुरफटून राहणारे जंतू द्रवात तरंगणाऱ्या जंतूंपेक्षा औषधाला फार दाद देत नाहीत. तुमच्या ब्रशच्या केसांच्या बुडाशी जो पिवळट थर साचतो तो याच जातीचा. म्हणून ब्रश मिठाच्या पाण्यात किंवा माउथवॉशमध्ये बुडवून ठेवला की काम झाले, ही समजूत तपासून घ्यावी. बुडवण्याने जंतूंची संख्या कमी होते, हे खरे. पण वाहत्या पाण्याखाली बोटाने केस फाकवून तो थर खरवडून काढणे हे काम त्याने टळत नाही.

दोनशे वर्षांनी, रॉबर्ट कॉख यांच्या पद्धतींचा अभ्यास केलेले अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी बर्लिनमध्ये काम करून तोंडातील सूक्ष्मजीवांवर ग्रंथ लिहिला. तो 1890 मध्ये इंग्रजीत निघाला. दात किडण्याचा संबंध जंतूंनी साखरेपासून बनवलेल्या आम्लाशी जोडला गेला. तोंडच जर जंतूंचे घर असेल तर त्या तोंडातून बाहेर आलेला ब्रश काय असेल? हा प्रश्न विचारायला आणखी तीस वर्षे लागली. 1920 मध्ये कॉब या डॉक्टरांनी बॉस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून म्हटले की तोंडात पुन्हापुन्हा होणाऱ्या संसर्गाचे कारण रोग्याचा स्वतःचा ब्रशच असू शकतो.

यानंतर बाजाराने जे केले ते आजच्या जाहिरातींशी ताडून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत डॉक्टर वेस्ट्स या नावाचे ब्रश काचेच्या बंद नळीत विकले जाऊ लागले. दुकानातून घरी येईपर्यंत ब्रश निर्जंतुक, ही हमी. हमी खरीही असेल. पण नळी फोडली, ब्रश एकदा तोंडात गेला, की हमीचा अर्थ संपला. कॉब यांनी दाखवलेली अडचण दुकानातली नव्हतीच. ती दुसऱ्या दिवसाच्या सकाळची होती.

24 फेब्रुवारी 1938

दुसऱ्या दिवसाच्या सकाळचे उत्तर रसायनशास्त्राने दिले, तेही जवळजवळ अनायासे. ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या गटाने फेब्रुवारी 1935 मध्ये नायलॉन 6,6 तयार केले. दोन घटकांत सहा-सहा कार्बन, म्हणून हे आकडे. कॅरदर्स एप्रिल 1937 मध्ये वारले. त्यांच्या शोधातून बाजारात आलेली पहिली वस्तू त्यांना पाहता आली नाही, आणि ती वस्तू बायकांचे मोजे नव्हती. 24 फेब्रुवारी 1938 रोजी नायलॉनच्या तंतूंचा दातांचा ब्रश विक्रीला आला, त्याच डॉक्टर वेस्ट्स नावाने. मोजे त्यानंतर आले. डुकराच्या केसांचा मोठा पुरवठा चीनमधून होत असे आणि 1937 पासून जपानने चीनशी युद्ध आरंभलेले होते, त्यामुळे पर्यायाची गरजही होती. भारतात कोलगेट-पामोलिव्ह कंपनी 1937 मध्येच स्थापन झाली होती. पुढे इथे जो ब्रश घरोघरी पोचला तो नायलॉनचा होता आणि डुकराच्या केसांचा प्रश्न त्याच्यापुरता मिटला.

आता आपल्या विषयाकडे. पूर्ण भिजवलेले नायलॉन 6,6 वजनाच्या साधारण 8 टक्के पाणी शोषते. नंतर ब्रशांसाठी वापरात आलेले नायलॉन 6,12 सुमारे 3 टक्केच शोषते. कारण साखळीत पाण्याला ओढून घेणारे अमाइड गट दूरदूर आहेत. काही ब्रशांत पीबीटी हे पॉलिस्टर असते, ते तर याहूनही कमी. म्हणजे तंतूच्या आत मुरणाऱ्या पाण्याचा प्रश्न पुष्कळसा सुटला. तंतू गुळगुळीत, त्याला गाभा नाही, तो भिजून मऊ पडत नाही आणि गरम पाण्यात गळतही नाही.

सुरुवातीचे नायलॉन फार राठ होते, हिरड्या सोलवटत. ते बारीक आणि मऊ व्हायला पुढचे दशक लागले. टुलेन विद्यापीठाचे डॉ. चार्ल्स बास यांनी 1948 मध्ये चांगल्या ब्रशचे मोजमाप मांडले: तंतूचा व्यास 0.007 इंच, टोके गोल घासलेली. कॅलिफोर्नियातील दंतवैद्य रॉबर्ट हटसन यांनी 1950 मध्ये मऊ तंतूंचा, दाट जुड्यांचा ब्रश काढला. ओरल-बी हे नाव तिथून सुरू होते. हिरड्यांसाठी हे सारे चांगलेच झाले. पण पाण्याच्या हिशेबात एक नवी खोच निर्माण झाली. बारीक तंतू दाट बसवले की त्यांच्यामधल्या फटी अरुंद होतात आणि केशाकर्षणाचा नियम सांगतो की फट जितकी अरुंद तितके पाणी घट्ट धरले जाते. तंतू पाणी पीत नाहीत, पण जुडी पाणी धरून ठेवते. जुडी आजही दुमडून धातूच्या बारीक पट्टीने छिद्रात ठोकलेली असते, हाडाच्या ब्रशची जवळजवळ तीच रचना. पाणी, पेस्टचा अंश, अन्नाचे कण आणि लाळ शेवटी त्या बुडाशी जमतात.

म्हणून ब्रश धुतल्यावर झटकणे, बेसिनच्या कडेवर दोन-तीनदा आपटणे आणि डोके वर करून उभा ठेवणे या तीन साध्या क्रियांना अर्थ आहे. आपटण्याने केशाकर्षणापेक्षा मोठा धक्का बसतो आणि पाणी सुटते. उरलेले गुरुत्वाकर्षणाने मुठीकडे उतरते. तेवढे पाणी हवेने न्यायचे राहते, आणि हवेला न्यायला जागा लागते.

टोपीचा प्रश्न

प्रवासात ब्रशच्या डोक्याला लावायची प्लॅस्टिकची टोपी आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. धूळ, पाली, झुरळे यांपासून बचाव, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण बाष्पीभवनाचा वेग आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबाच्या फरकावर ठरतो. टोपीच्या आतली हवा काही वेळात संपृक्त होते आणि बाष्पीभवन थांबते. काचेच्या नळीची चूक आपण घरोघरी रोज करतो आहोत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांचा सल्लाही असाच आहे: ब्रश धुऊन उभा, उघडा ठेवावा, बंद डब्यात नेहमी ठेवू नये, एकमेकांचे ब्रश चिकटू देऊ नयेत. निर्जंतुक द्रावणात बुडवण्याची निरोगी माणसाला गरज नाही, असेही ते म्हणतात. प्रवास असेल तर छिद्रे असलेली टोपी वापरा आणि मुक्कामी पोचल्याबरोबर काढा. कोकणात जुलैमध्ये किंवा चेन्नईत नोव्हेंबरमध्ये उघडा ब्रशही सकाळपासून रात्रीपर्यंत पुरता वाळत नाही. अशा ठिकाणी दोन ब्रश आलटून पालटून वापरण्याचा जुना सल्ला पुन्हा कामाचा ठरतो.

दुसरा प्रश्न न्हाणीघराचा. चार्ल्स गर्बा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये दाखवले की शौचकूपात पाणी सोडले की सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि जंतू आसपासच्या पृष्ठभागांवर बसतात. 2015 मध्ये अमेरिकेतील क्विनिपियाक विद्यापीठातील संशोधकांनी सामाईक न्हाणीघर वापरणाऱ्यांचे ब्रश तपासले. निदान 60 टक्के ब्रशांवर विष्ठेतून येणारे जंतू सापडले, आणि असे जंतू असतील तर ते दुसऱ्याच कोणाचे असण्याची शक्यता 80 टक्के असल्याचे त्यांनी मांडले. गार पाणी, गरम पाणी की माउथवॉश, यांत त्यांना फरक आढळला नाही. हे आकडे वाचून घाबरून जाऊ नका. ब्रशवर जंतू सापडणे आणि त्यांच्यामुळे निरोगी माणूस आजारी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा पुरावा फार थोडा आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, जे रुग्णालयात दाखल आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र काळजी वेगळी घ्यावी लागते. वसतिगृहात राहणाऱ्यांनी इतकेच करावे: झाकण असेल तर ते लावून मग पाणी सोडावे, आणि ब्रश खोलीत, खिडकीपाशी ठेवावा.

अतिनील किरणांचे छोटे डबे हल्ली जाहिरातीत दिसतात. 99.9 टक्के जंतू मारतो, असे त्यांवर लिहिलेले असते. गणित करून पाहा. ब्रशवर 10 लाख जंतू असतील तर हजार उरले. ओलावा तसाच राहिला तर हजाराचे पुन्हा लाख व्हायला रात्र पुरे होते. शिवाय किरण सरळ रेषेत जातात, जुडीच्या बुडाशी सावली असते.

एका बाबतीत मात्र मी वर्गात आवाज चढवतो. सहलीला गेल्यावर, परीक्षेच्या दिवसांत, ब्रश विसरला म्हणून मित्राचा वापरणारी मुले मी पाहिली आहेत. दात घासताना हिरड्यांतून रक्त येणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे, डोळ्यांना दिसले नाही तरी. हिपॅटायटिस बी चा विषाणू रक्ताच्या न दिसणाऱ्या अंशातून पसरतो आणि शरीराबाहेर किमान 7 दिवस जिवंत राहू शकतो. अनेकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसते. इथे धुणे, झटकणे, वाळवणे काही उपयोगाचे नाही. दुसऱ्याचा ब्रश वापरायचा नाही. गावात कडुनिंब असेल तर काडी तोडा, नाहीतर बोटाने काम भागवा. लस घेतली आहे का, हेही घरी विचारून घ्या.

तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलावा, या सल्ल्याचे मुख्य कारण जंतू नाहीत. तंतू फाकले, वाकले की दात नीट घासले जात नाहीत. त्याआधीच फाकले असतील तर आधी बदला. तुम्ही जोर जास्त लावता आहात, हेही त्यातून कळेल.

शेवटी, ज्यांच्या प्रयोगशाळेत 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू आहे त्यांच्यासाठी एक छोटा प्रयोग. एकाच प्रकारचे चार नवे ब्रश घ्या. कोरडे असताना वजन करा, नळाखाली भिजवा. एक तसाच उभा ठेवा, एक आपटून उभा ठेवा, एक आपटून आडवा, एकाला टोपी घाला. टोपी वजन करताना काढायची आणि लगेच परत घालायची. दर अर्ध्या तासाने, सहा तासांपर्यंत वजन नोंदवा आणि वेळेविरुद्ध पाण्याच्या वजनाचा आलेख काढा. खोलीचे तापमान आणि सापेक्ष आर्द्रता लिहायला विसरू नका. एकदा मे महिन्यात करा, एकदा ऑगस्टमध्ये, आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा.